खांद्यावर कालथा

"ते झालं. तू कोण?"

जर्सी सिटीतली आमची इमारत जुनी आहे. कपडे धुण्याची यंत्रं तळमजल्यावरच्या एका खोलीत आहेत आणि सगळ्या मजल्यांवरच्या बायका तिथेच भेटतात. मी मुलाकडे नवीनच आले होते. भिंतीकडेच्या यंत्रापाशी एक म्हाताऱ्या बाई चादरीची घडी घालत होत्या. त्यांनी मराठीत विचारलं, कुठून आलीस? मी म्हटलं, "मी वरच्या अमितची आई."

"ते झालं. तू कोण?"

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, अमितची आई. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी हळूच माझं नाव सांगितलं. बरेच दिवस ते माझ्याही तोंडात आलं नव्हतं.

"शालन. हां, आता कसं! चादरीचं ते टोक धर, शालन."

तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणू लागले.

त्या वसईकडच्या ख्रिस्ती. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी चर्चच्या तळघरात गरिबांसाठी फुकट दवाखाना चालवायच्या. मीही पट्ट्या गुंडाळायला जाऊ लागले. साखरेच्या आजाराची माणसं यायची, पायाला जखमा घेऊन. पाय दाखवायला लाजायची. मावशी सरळ त्यांच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकायच्या, बूट काढायच्या, पाय मांडीवर घ्यायच्या. उठताना टेबलाला धरून एक शिवी द्यायच्या, मराठीत, म्हणजे कुणाला कळायला नको. त्यांचे गुडघे तिथेच गेले.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, इंजिनियर होते. चर्चचा एक जुना मानाचा संघ आहे. पूर्वीच्या सरदारांसारखा. चांगलं काम करणाऱ्याला त्यात घेतात. काकांना फार पूर्वी घेतलं होतं. बिशपनी खांद्यांवर तलवार टेकवली आणि काका 'सर' झाले. त्यांचा पांढरा झगा मावशींनी कपाटात कापराच्या वड्या घालून जपला होता. काका 'सर' झाले म्हणून मावशी आपोआप 'लेडी' झाल्या. आमंत्रणावर काकांचं पूर्ण नाव असायचं आणि पुढे 'आणि लेडी'.

"आणि शेपूट," मावशी म्हणायच्या.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडेही हेच असतं. पाटलांची बायको पाटलीणबाई, मास्तरांची मास्तरीणबाई. माझे यजमान कंपाउंडर होते तर गाव मला डॉक्टरीणबाई म्हणायचं. मला तर सुई पाहून घेरी यायची.

मागच्याच्या मागच्या वर्षी त्या संघानं मावशींना स्वतःला घ्यायचं ठरवलं. दवाखान्यासाठी. आता त्या 'डेम' होणार होत्या. म्हणजे बाईनं स्वतः मिळवलेला मान. काकांनी पेढे आणले आणि मला म्हणाले, "शालनताई, गंमत बघा. सरची बायको लेडी होते. पण डेमचा नवरा कोण होतो? कुणी नाही! नियमच तसा आहे."

"मग राहा की कुणी नाही," मावशी म्हणाल्या. "मी इतकी वर्षं राहिलेच ना?"

खरी अडचण पुढे आली. तिथे पुरुषांनी गुडघे टेकायचे आणि बिशपनी तलवार टेकवायची. बायकांनी उभं राहायचं. त्यांना नुसतं मेडल. मावशींनी फोन करून विचारलं. पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, तुम्हाला उभंच राहायचंय, गुडघ्यांची काळजी करू नका. मावशींनी फोन ठेवला.

"लोकांच्या पायाशी बसत होते तेव्हा कुणी म्हणालं नाही, बाई, तू उभी राहा."

काका म्हणाले, "अगं, तलवार नाही मिळायची. उगाच हट्ट. खाली बसलीस तर उठता येणार नाही, सगळ्यांपुढे शोभा होईल."

"तू आहेस ना उठवायला."

"मी झगा घालून रांगेत उभा असणार. रांग सोडता येत नाही."

"मग नको सोडूस. मी माझं बघेन."

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला वर बोलावलं. गालिच्यावर उशी ठेवली होती. "शालन, प्रॅक्टिस करू. तू बिशप. आतून काहीतरी लांब आण."

मी स्वयंपाकघरातून कालथा आणला. मावशी सोफ्याला धरून खाली गेल्या. मी आधी उजव्या खांद्यावर कालथा टेकवला, मग डाव्या. त्या डोळे मिटून गंभीर बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी कांदे परतलेत वाटतं ह्यानं." मला हसू आवरेना. काका पेपराआडून म्हणाले, "चांगल्या ब्लाऊजला तेल लागलं." उठताना मावशींना फार वेळ लागला. त्या दिवशी त्यांनी शिवी दिली नाही.

समारंभाला मी नातीला घेऊन गेले. पुरुषांचं आधी झालं. तलवार पुन्हा लाल उशीवर ठेवली गेली. मग बायका. मावशींचं नाव पुकारलं. त्यांचं स्वतःचं नाव, त्याआधी डेम. त्या काठी टेकत गेल्या. बिशप मेडल घेऊन उभे होते. मावशींनी काठी बाजूला ठेवली आणि गुडघे टेकले.

"आजी, व्हाय इज शी नीलिंग?" नात कुजबुजली.

"गप्प बस. बघ."

बिशप क्षणभर थांबले. त्यांची नजर तलवारीकडे गेली, पण ती त्यांनी घेतली नाही. वाकून मेडल लावलं. सगळे वाट बघत राहिले. मावशींनी एक हात जमिनीवर टेकला, जोर लावला, पण उठता येईना. मागची बाई आपली पाळी येईना म्हणून चुळबुळत होती.

तेवढ्यात रांगेतून काका निघाले. झगा पायात येत होता, तो त्यांनी धोतरासारखा वर धरला होता. त्यांनी हात पुढे केला.

"हात नको, पडशील. खांदा दे," मावशी मराठीत मोठ्यानं म्हणाल्या.

काका वाकले. मावशींनी त्यांच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि उठल्या. उठल्यावरही तो थोडा वेळ तिथेच ठेवला.

गाडीत मी विचारलं, "तलवार राहिली ना हो मावशी?"

"राहिली," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं. पण उभं राहून घेतलं असतं तर जास्त वाटलं असतं."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. छातीत कफ झाला आणि उतरलाच नाही. अंत्यविधीच्या छापील पत्रिकेवर सवयीनं कुणीतरी 'लेडी' घातलं होतं. काकांनी त्या सगळ्या परत पाठवल्या आणि डेम असं छापून आणवलं. हे मला सुनेनं सांगितलं.

आता कपडे धुवायला काका येतात. परवा खोलीत नागपूरकडचे एक नवे गृहस्थ होते. मराठी ऐकून खूश झाले. त्यांनी काकांना विचारलं, "आपण कोण?"

काका एरवी मराठी माणूस भेटला की ऐटीत सांगायचे, मी सर बरं का. त्या दिवशी ते यंत्रातून चादर ओढत होते.

"मी डेमचा नवरा," ते म्हणाले.

गृहस्थांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांना एकट्याला घडी जमत नव्हती, म्हणून मी पुढे झाले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.