दोन बोटं मोठं

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली आणि उजव्या बाजूच्या पांढरट डागावर पेनाचं टोक टेकवलं. “पल्मनरी ट्युबरक्युलोसिस,” ते म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते.

खोकला पावसाळ्यापासून होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पदर ओला होईल एवढा घाम यायचा. मी त्याला दगदग म्हणत राहिले. थुंकीत लाल रेघ दिसली तेव्हा ह्यांना सांगितलं.

“बरा होणारा आजार आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण औषधात खाडा नको. आणि थुंकी निगेटिव्ह येईपर्यंत मुलीपासून लांब राहायचं.”

नंदा तेव्हा सहा वर्षांची होती.

घरी येऊन मी नेहमीप्रमाणे यादी केली. रेशन, दूधवाला, नंदाच्या शाळेचा डबा, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर असायचे, म्हणून कुठल्या पाळीला काय करायचं तेही लिहून भिंतीला लावलं. शेवटी एक दोरा घेतला. नंदाला अंगणात उभी करून, तोंडावर पदर धरून, तिच्या छातीचं माप घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारली. दुसरी गाठ बाहीची. थंडीचा स्वेटर दर वर्षी मीच करायची. तो तरी चुकायला नको होता.

क्षयाचं रुग्णालय गावाबाहेर होतं. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खिडक्या, कायम उघड्या. रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. हे क्षयाच्या जंतूंवरचं औषध. त्यानं माझ्या कानात सतत शिट्टी वाजायची आणि उठलं की भिंत धरावी लागायची. डॉक्टरांना लगेच सांगितलं, त्यांनी मात्रा कमी केली. तुम्हालाही असं झालं तर सोसत बसू नका, सांगा. बरोबर आयएनएचच्या गोळ्या, त्याही जंतूंवरच्याच. आणि महिन्याला स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी. जंतू दिसले की पॉझिटिव्ह, नाही दिसले की निगेटिव्ह. निगेटिव्ह आली की घरी.

त्रास औषधांचा फारसा नव्हता. त्रास होता तो कुणी हात न लावण्याचा. रविवारी हे यायचे, व्हरांड्यात कठड्यापलीकडे उभे राहायचे, डबा मधल्या बाकावर ठेवायचे आणि मागे सरायचे. ते मागे सरले की मी पुढे होऊन डबा उचलायचा. नियम योग्यच होता. मी स्वतः केला असता तरी असाच केला असता. तरीही डबा उचलताना दर वेळी मी खाली बघायची. मुलांना फाटकाच्या आतही सोडत नसत.

मी क्रोशाची सुई आणि गुलाबी लोकर बरोबर नेली होती. गादीवर बसून साखळ्या घालायच्या, त्यावर खांब चढवायचे. दोऱ्याच्या गाठीला गाठ जुळेपर्यंत विणायचं. पहिला स्वेटर झाला तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, घरी पाठवू का?

“खुशाल पाठवा. उन्हात घालायला सांगा, पुरे आहे,” ते म्हणाले.

मी तसा निरोप दिला आणि स्वेटर बाकावर ठेवला. ह्यांनी तो दोन बोटांत धरून पिशवीत टाकला. ती दोन बोटं मला आठवडाभर दिसत राहिली.

पुढच्या रविवारी विचारलं, “झाला का नंदाला?”

“झाला की,” हे म्हणाले आणि फाटकाकडे बघायला लागले. मग म्हणाले, “आई म्हणते, पुढचा दोन बोटं मोठा कर.”

गुलाबी लोकर संपली होती. शेजारच्या खाटेवर सिन्नरकडच्या सगुणाबाई होत्या, मेंढपाळ घरातल्या. त्यांचा मुलगा घरच्या मेंढरांची लोकर पिंजून तिचे कातायचे पेळू वळून आणायचा. पिंजण्याची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून वॉर्डात पिंजायला बंदी होती, पण कातायला परवानगी होती. सगुणाबाई भिंतीला टेकून टकळी फिरवायच्या. बोटांतून करडं सूत निघायचं, थोडं जाड, थोडं बारीक, मेंढराच्या वासाचं.

“घ्या ताई,” त्यांनी सुताचा गुंडा माझ्या खाटेवर फेकला. “तुमची सुई रिकामी बसली तर तुम्ही लय रडता.”

“मी कधी रडले?”

“तोंडानं नाय रडत. पान्यागत गप बसता, त्येच.”

त्यांनी मला टकळी शिकवली. माझं सूत सारखं तुटायचं. “आवं, ती गाय नाय, वढू नका. तिला जाऊ द्या तिच्या मर्जीनं,” म्हणायच्या आणि हसता हसता खोकायच्या. त्यांच्याकडे रविवारीही मुलगा सोडून कुणी येत नसे. सुनेनं त्यांची भांडी वेगळी करून गोठ्यात ठेवली होती. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पेळू हातात घेत.

दुसरा स्वेटर दोन बोटं मोठा केला. निरोप आला, अजून मोठा कर. तिसरा चार बोटं मोठा. निरोप आला, बाह्याही वाढव. दोऱ्यावर मूळ गाठीच्या पलीकडे नव्या गाठी पडत गेल्या.

मी हिशेबी बाई. एवढ्या काळात मूल इतकं वाढत नाही, हे मला कळत होतं. मग ही मापं कुणाची? एकच उत्तर सुचत होतं. माझ्या हातचं नंदाच्या अंगाला लागू द्यायचं नाही, म्हणून ते कुणा मोठ्या पोराला देऊन टाकत असावेत. सासूबाई सोवळ्याच्या नव्हत्या, पण भित्र्या होत्या. ह्यांना एकदा सरळ विचारलं, “नंदा खरंच घालते का?”

“घालते म्हटलं ना.” पुन्हा नजर फाटकाकडे.

त्यानंतर मी विचारलं नाही. विणणंही थांबवणार होते. सगुणाबाईंनी गुंडा फेकला, तो तसाच पडून राहिला. मग वाटलं, कुणाच्या का होईना, अंगावर ऊब तरी जाईल. पुन्हा सुई घेतली. पण ते दिवस माझ्या आजारपणातले सर्वांत एकटे. थुंकी निगेटिव्ह आली तरी मी कुठल्या घरी जायचं, असं वाटायचं.

संक्रांतीच्या आधी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. “लागोपाठ निगेटिव्ह. घरी जा. गोळ्या वर्षभर चालू ठेवायच्या. मुलीला जवळ घ्यायला आता हरकत नाही.”

निघताना सगुणाबाईंनी मला स्वतः कातलेल्या सुताची शाल दिली. मीच त्यांना विणून दिलेली; वीण माझी, सूत त्यांचं.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यांच्यामागे नंदा उभी होती. अंगात करडा स्वेटर, घोंगडीसारखा जाड, एकही टाका ओळखू येत नव्हता. खांब, साखळ्या सगळं एकजीव झालेलं. तो तिला अगदी बेताचा होत होता. काखेत तिची कापडी बाहुली, आणि बाहुलीच्या अंगात माझा पहिला गुलाबी स्वेटर.

“आई, हा तू हिच्यासाठी केलास ना?”

अंगणात चुलीवर हंडा उकळत होता. धुण्याच्या सोड्याचा वास येत होता. मला कळायला वेळ लागला नाही. सोड्याच्या उकळत्या पाण्यात लोकर आखडते, हे शाळकरी मुलीलाही माहीत असतं. सासूबाईंना नव्हतं. त्यांनी जन्मात लोकर धुतली नव्हती.

“दवाखान्यातून आलेलं सगळं उकळायचं, एवढंच मला कळलं,” त्या म्हणाल्या. “पहिला हा एवढासा होऊन बाहेर आला. तू तिथं खोकत विणलेला. तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून याला बजावलं, बोलायचं नाही, फक्त मोठा करून माग. पोरीला तर घालायचाच होता. ती तुझाच मागायची.”

हे म्हणाले, “मला खोटं बोलता येत नाही, म्हणून फाटक बघायचो.”

मी पिशवीतून दोरा काढला आणि नंदाच्या छातीभोवती धरला. पहिल्या गाठीपेक्षा जेमतेम बोटभर जास्त. मग ती माझ्या कमरेला बिलगली आणि दोरा खाली पडला.

“ती शाल दे इकडे,” सासूबाई म्हणाल्या. उन्हात घातली तरी चालेल, डॉक्टरांनी सांगितलंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचे हात बघितले. सोड्यानं सालपटं निघाली होती. शाल मीच हंड्यात सोडली.

तपासणीला गेले तेव्हा सगुणाबाईंना हे सांगितलं. त्या उठून बसल्या. “उकळली? माझी लोकर? आता पाऊस बी आत जायचा नाय तिच्यातून!” हसून दम लागला त्यांना. मग म्हणाल्या, “तुमची सासू ब्येस हाय.” आणि पेळू उचलला.

पुढच्या रविवारपासून त्यांच्यासाठी डबा मी नेऊ लागले. त्या बऱ्या होऊन सिन्नरला जाईपर्यंत.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. औषध, अंडी, दूध यांबद्दल डॉक्टर तुम्हाला सांगतीलच. मी एवढंच सांगते. तुमच्या घरचं माणूस असं लांब ठेवलेलं असेल आणि त्यानं काही करून पाठवलं, तर ते अंगात घाला आणि एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहा. फाटकाबाहेरून दिसलं तरी चालेल.