ताईची सर्दी

चार वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या बहिणीनं मला तिची एक किडनी दिली. ही किडनी परकी आहे हे शरीराला कळू नये म्हणून तेव्हापासून माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली आहे. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे घरात कुणी शिंकलं की मी मुकाट्यानं मागच्या खोलीत जायचे. नियम सगळ्यांना होता, फक्त ताईला नव्हता. ताईला परकं धरायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या थंडीत ती कळमेश्वरहून तुरीच्या उकडलेल्या शेंगा घेऊन आली. नाक लाल, आवाज बसलेला. मी मास्क शोधायला लागले तर म्हणाली, "राहू दे वं. माझाच गुर्दा हाये तुह्या पोटात. माझी सर्दी तुले काहून बाधन?"

मला ते पटलं. आता स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा अगदी मनापासून पटलं. रक्त एक, गुर्दा एक, मग सर्दी तेवढी वेगळी कशी? अंगणातल्या उन्हात बसून आम्ही एकाच ताटातल्या शेंगा खाल्ल्या. ती सोलत होती आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवत होती. लहानपणीही असंच करायची.

पाचव्या दिवशी मला जिना चढवेना. सहाव्या दिवशी मी आयसीयूत होते. विषाणूचा न्यूमोनिया. नाकात जाड नळी होती आणि तिच्यातून गरम, ओलसर ऑक्सिजन जोरानं आत येत होता. डॉक्टर माझ्या नवऱ्याला समजावत होते की फुप्फुसं वाचवायची तर त्या गोळ्या कमी कराव्या लागतील, आणि गोळ्या कमी केल्या तर शरीर किडनीवर उठू शकतं. मी डोळे मिटून सगळं ऐकलं.

मग दिवस विरघळत गेले. मशीनच्या आवाजात मला वडिलांचा हातमाग ऐकू यायचा. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि लुगडं काही संपत नाही. मधेच सगळीकडे हळदीसारखा उजेड पसरायचा. त्या उजेडात एकदा ताई दिसली, फ्रॉकमधली, आठ-नऊ वर्षांची. माझ्याच आत कुठल्याशा दारात ती उभी होती आणि तिथला चौकीदार तिला विचारत होता, "तू कोणाची वं?" ती बोलेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझी आहे, असं मला सांगायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा निघायची. मरणाची भीती मला वाटलीच नाही. ते तिला बाहेर काढतील, याची वाटत होती.

नीट शुद्ध आल्यावर मी आधी किडनीचं विचारलं. नर्स म्हणाली, "थोडी रुसली होती. आता बरोबर काम करून राहिली." मी उशीत तोंड खुपसून पोटभर रडले.

घरी आल्यावर महिनाभर ताई फिरकली नाही. फोनवर माझ्याशी दोन शब्द बोलायची आणि लगेच, जावईबापूंकडे दे, म्हणायची. मग एका दुपारी फाटकाबाहेर उभी दिसली. मी खिडकीतून हाक मारली, तरी जागची हलली नाही.

"माह्याच्यानंच झालं ना?"

"नाही वं. इतवारीच्या बाजारात गेली होती मी, भांडे घ्याले. तिथल्या गर्दीत लागलं."

"चार वर्सांत तू इतवारीत पाय नाही ठेवला," ती म्हणाली.

ताईनं पिशवीतून मास्क काढला, बांधला, नाकावर बोटांनी दाबून बसवला. आणि सख्ख्या बहिणीच्या फाटकाशी उभं राहून, जन्मात पहिल्यांदा, विचारलं, "आत येऊ का?"