काहिलीची वाफ

मी मूळचा पंचगंगेकाठचा. शाळा दुसरीतच सुटली. ज्या हंगामाचं सांगतो आहे, तेव्हा बारामतीजवळ कालव्यावरच्या एका बागाईतदाराच्या गुऱ्हाळावर मी गुळव्या होतो. मालकांना सगळे तात्या म्हणत, मीही.

गुळव्याचं काम डोळ्यांचं. काहिलीतला, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या पसरट कढईतला, उसाचा रस उकळतो, फेसाचा रंग बदलतो. काहील कधी उतरवायची ते बघून ठरवायचं. जरा चुकलं की गूळ बिघडला. आणि माझे डोळेच बिघडले होते. वाळू गेल्यासारखे खुपत, सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, उजेड सोसत नसे. नाक-गाल आधीपासूनच लालबुंद. त्यामुळे लोकांचं निदान सोपं होतं.

"गुळवं, सकाळच्या पारीच?" काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालणारा म्हणायचा. "कुठं मिळती ते आमालाबी सांगा की."

मी थेंबाला शिवत नव्हतो. हंगामाच्या मध्यातच कामावरून काढलं तर कुठल्या तोंडानं घरी जायचं, एवढंच डोक्यात असे. गुऱ्हाळावर डोळ्याला एकच औषध ठाऊक : उकळत्या काहिलीवर तोंड धरून वाफ घ्यायची. दुखणं वाढेल तशी मी वाफ वाढवत गेलो.

शेवटी तात्याच म्हणाले, "इंदापूरला बाजारादिवशी पुण्याचं डोळ्याचं डाक्टर येत्यात. चला. दारू असंल तर दारू सांगतील, दुखणं असंल तर दुखणं."

डॉक्टरांनी आधी गालच बघितले. मग पापणीचा एक केस उपटून बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या पितळी दुर्बिणीखाली ठेवला आणि मलाही बघायला लावलं. केसाच्या मुळाशी लांबट, पारदर्शक असं काहीतरी वळवळत होतं.

"किडं हायती?" तात्या मागं सरकले.

"तुमच्याही पापण्यांत असतील. यांच्यात जरा जास्त आहेत. दुखणं किड्यांनी आणलं, की दुखऱ्या जागी किडे वाढले, ते मला ठाऊक नाही. पण ही दारू नव्हे. नाकागालांवरचा आजारच डोळ्यांत उतरलाय. बुबुळाला जखम झाली तर नजर जाईल."

मग पथ्य सांगितलं. वाफ बंद, चेहऱ्याला धग नको. मिटल्या पापण्यांवर कोमट, स्वच्छ फडकं ठेवायचं आणि कडा हलक्या हातानं पुसायच्या.

परतीच्या मोटारीत ते पथ्यच डोक्यात घोळत होतं. धगीपासून लांब बसणारा गुळव्या कुणाला हवा, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी माझी घोंगडी लांब, बाभळीखाली टाकली, शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवलं आणि स्वतः काहिलीशी उभे राहिले.

"रंग कसा हाय, तात्या?"

"झेंडूवानी."

"थांबा अजून."

थोड्या वेळानं त्यांनी पळीभर पाक आणून माझ्या भांड्यात सोडला. मी बोटांनी गोळी वळून पाहिली. मऊ होती, पाक अजून कच्चा होता.

"अजून थांबा."

"मालक मी हाय का तुमी?" तात्या म्हणाले, आणि थांबले.