सहाजणी उभ्या राहायला हव्यात

मी देवजी. खर्डी स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. माझं डोकं लवकर तापतं, हे साऱ्या स्टँडला ठाऊक आहे. भागी मुकणेबद्दल कुणी वाकडं बोललं की जरा जास्तच तापतं, कारण सगळ्यात आधी वाकडं मीच बोललो होतो.

भागी आमच्या गावाच्या टोकाला असलेल्या कातकरीवाडीतली. वय चाळिशीच्या पुढे, अंगणवाडीत मदतनीस. आश्रमशाळेत असताना व्हॉलीबॉलच्या टीममध्ये तिचं नाव आलं आणि त्याच आठवड्यात आईबाप तिला वीटभट्टीवर घेऊन गेले. शाळा सुटली, बॉलही सुटला. पाच वर्षांपूर्वी तिने वाडीतल्या पोरी जमवल्या, समाजमंदिरामागची झुडपं तोडली, दोन बांबू पुरले आणि मासे धरायचं जुनं जाळं बांधलं. मी रिक्षातून ओरडलो, "भागे, पोरी धरतेस का जाळ्यात?"

ती म्हणाली, "दादा, जाळं सरळ हाय का, लांबून बघून सांगा जरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! उतरलो, बघितलं, सांगितलं, आणि तेव्हापासून अडकलो तो अडकलोच.

पण दिवाळी झाली की वाडी ओस. बहुतेक घरं भट्टीवर, पोरी आईबापांबरोबर. शहापूर-मुरबाडच्या गावांची टूर्नामेंट असते जानेवारीत, आणि तोवर भागीच्या हाताशी दोन पोरी उरायच्या. सहाजणी उभ्या राहिल्या नाहीत तर मॅच सुरूच होत नाही. चार वर्षं हेच. पावसाळाभर शिकवायचं आणि दिवाळीला टीम मोडायची. मी आईबापांना शिव्या घातल्या, तर ती माझ्यावरच उखडली. "त्यांना बोलू नका. हौस म्हणून जातात का ते?"

पाचव्या वर्षी तिने बॉलच भट्टीवर नेला. मुरबाड रस्त्याला एकमेकींजवळ तीन भट्ट्या, त्या वर्षी तिन्हींवर मिळून आमच्या सहाही पोरी. दर रविवारी मी तिला सोडायचो. भट्टीवर जागा सपाट, पण चहूकडे कच्च्या विटा वाळत घातलेल्या. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या रंजिताने बॉल असा हाणला की आठ-दहा ओल्या विटांचा चिखल झाला. तिच्या बापाने बॉल उचलला आणि आपल्या राहायच्या खोपीत टाकला. भागीने पदर खोचला, विटांचा साचा घेतला, तेवढ्या विटा पुन्हा पाडून दिल्या, मग बॉल मागितला. पोरींना म्हणाली, "बॉल पडला तर कुणाच्या तरी आईची कंबर फुकट मोडली, असं समजा."

बाबा रे! त्यानंतर त्या पोरी बॉलखाली सरळ लोळण घ्यायच्या. दोन महिन्यांत त्यांनी बॉल खाली पडू द्यायचा, हेच सोडून दिलं.

मॅचच्या दिवशी सकाळी मी आणि भागी भट्टीवर पोचलो, तर पाच पोरी रिक्षाजवळ आल्या. सहावी काजल, सगळ्यांत तरबेज. तिच्या खोपीशी गेलो, तर तिची आई तानी दारातच उभी.

"नाय येत ती. तिचा बाप तापाने पडलाय. विटांचा गारा कोन कालवील? धाकल्या पोरीला कोन बघील?"

मी तोंड उघडणार होतो, तोच भागीने गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"मी थांबते," ती तानीला म्हणाली. "काजलचं काम मी करते, धाकलीला बी बघते. तिला जाऊ दे."

"वेडी का खुळी तू?" मी ओरडलो. "शिकवलंस तू, आणि मॅच मी बघू?"

"पोरींना सगळं येतंय, दादा. सहावी नसली तर त्यांना कोन उभं बी करनार नाय. निघा, टाइम झाला."

मला तिचा भयंकर राग आला, आणि खरं सांगतो, त्याच रागात डोळे भरून आले. शहापूरपर्यंत रिक्षा नुसती पिटाळली.

समोरची टीम बुटांत, एकसारख्या जर्सीत. आमच्याकडे मी! पहिल्याच पॉइंटला जोरात शिट्टी फुंकली, तर पंच म्हणाले, "काका, ती मी वाजवायची." पोरी खो-खो हसल्या आणि त्यांची भीती तिथेच गेली. पहिला सेट मात्र हरल्या. दुसऱ्यात समोरच्यांनी काय वाटेल ते मारावं आणि आमच्यातल्या कुणीतरी जमिनीला टेकता टेकता बॉल उचलावा. समोरच्या पोरी शेवटी मारून मारून थकल्या. तिसरा सेट पंधरा-तेरा. आमचा! मी पन्नाशीचा घोडा मैदानात नाचलो. लाज कसली?

लगेच भागीला फोन लावला. तिकडून काजलच्या तान्ह्या बहिणीचं रडणं ऐकू येत होतं.

"दादा, सहाजणी उभ्या राहिल्या ना?" तिने आधी हेच विचारलं.

"उभ्या काय, जिंकल्या गो! परवा मुरबाडला पुढची मॅच!"

तिकडून तिचा हुंदका ऐकू आला. एवढ्या वर्षांत भागीला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात तिकडे कुणीतरी फोन घेतला. तानी होती.

"देवजीभाऊ, ही बाय सकाळपासून गाऱ्यात उभी हाय, एक घास खाल्ला नाय," ती म्हणाली. "परवा काजलला न्या, आन् भागीला बी न्या. हितलं मी बघते."