पंधरा तारखेचा हिवाळा

डेपोत तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. बावीस वर्षं ती बसगाड्यांखाली पाठ टेकून काम करत आली. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायची.

हा देश मोठा अजब. सकाळी समुद्रकाठच्या शहरातून घामाघूम निघालेली बस दुपारी पठारावरच्या या डेपोत शिरते, तेव्हा लोक खिडक्या लावून घेतात. संध्याकाळी खिंड येते, तिथे बर्फ. पण मुख्य कचेरी समुद्रकाठी. तिथल्या साहेबांनी पंख्याखाली बसून सगळ्या देशासाठी एकच परिपत्रक काढलं होतं: हिवाळा नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपासून. तोवर रेडिएटरमध्ये साधं पाणी. न गोठणारं कुलंट कुलपात.

मागच्या वर्षी तेरा तारखेला बर्फामुळे खिंडीतलं फाटक बंद झालं. गाडी रात्रभर उभी राहिली, पाणी गोठून फुगलं आणि इंजिन तडकलं. कंडक्टरच्या पायाची दोन बोटं गारठून गेली. मेमो मात्र मिस्त्रीणबाईला, देखभालीत हयगय केली म्हणून. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरली नव्हती.

आज दहा तारीख. खिंडीतून आलेल्या गाडीच्या टपावर वीतभर बर्फ होतं. आणि खिंडीकडे निघालेल्या गाडीत तिची मुलगी बसली होती, पलीकडच्या कॉलेजात परीक्षेला जायला.

ती स्टोअरच्या खिडकीशी गेली. "काका, कुलंटचा डबा काढा."

"पंधराला या."

"टपावरचं बर्फ दिसत नाही?"

"दिसतं की. पण कागदावर कुठंय?"

"मग बर्फालाही एक प्रत पाठवायची होती."

"माझ्यावर कशाला डाफरता बाई? साहेबांना लावा फोन."

तिने लावला. साहेब म्हणाले, "अहो, इथे अंगाची लाही होतेय आणि तुम्ही हिवाळा काय घेऊन बसलात?"

ती तरातरा गाडीत चढली. "खाली उतर," मुलीला म्हणाली.

"उद्या पेपर आहे, आई."

"उतर म्हणते ना. ही गाडी धड नाही."

मुलगी जागची हलली नाही. मागच्या सीटवर एक म्हातारी पेंगत होती. तिच्याकडे बघत मुलगी हळूच म्हणाली, "मग मला एकटीलाच का उतरवतेस?"

मिस्त्रीणबाईचा चेहरा लाल झाला. राग मुलीचा आला, साहेबांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचाच आला. ती खाली उतरली, गाडीखाली शिरली आणि रेडिएटरचं बूच काढलं. पाण्याचा लोट आवारभर पसरला.

"अहो, हे काय चालवलंय?" ड्रायव्हर धावत आला.

"पुन्हा पाणी ज्याला भरायचंय त्याने भरावं. मात्र 'गाडी ठीक आहे' असं लिहून सहीही त्यानेच करावी. मी करणार नाही."

सही करायला कोणी पुढे येईना. प्रवासी उतरले आणि स्टोअरच्या खिडकीशी गोळा झाले. काकांनी अर्धा तास नियम सांगितले, मग किल्ली आपटली. "कारण तुम्ही लिहा. तुमच्या सहीनं."

तिने रजिस्टरात पेन दाबून लिहिलं: दहा तारीख. हिवाळा लागला आहे.

कुलंट भरून गाडी दोन तास उशिरा सुटली. मुलीने खिडकीतून हात केला नाही. तीही आईसारखीच धुमसत होती. मिस्त्रीणबाईने गाडी डेपोच्या फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहिलं आणि मागे वळली.

"काका, कुलूप घालू नका. मागून अजून दोन गाड्या आहेत."