राबातलं मांजर आणि वाघाचा कोंबडा

राब पेटवला तेव्हा आत मांजराची भाटी व्यालेली आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या सूर्यमाळच्या बाजूला भाताचं रोप टाकण्याआधी ती जागा भाजून घेतात. ऐनाच्या डहाळ्या, पाचोळा, शेण, वर माती असा थर रचायचा, तो चांगला वाळू द्यायचा आणि वाऱ्याचा रोख बघून काडी लावायची. रचल्यावर तिकडे कोणी फिरकत नाही. रानात वाढलेल्या मांजरीला बाळंतपणाला याहून चांगली खोली कुठली मिळणार? आग मधोमध पोचली आणि आतून जी किंकाळी आली, ती ऐकून आमचा बैल दावं तोडून थेट मोखाड्याच्या बाजारात जाऊन उभा राहिला, असं मी सांगतो. आई म्हणते, बांधापर्यंतच गेला होता. तिला गोष्ट सांगता येत नाही.

भाटी पेटत्या शेपटीनिशी बाहेर उडाली आणि करवंदीच्या जाळीत घुसली. पुन्हा दिसली नाही. मी काठीनं राब उपसला. पिल्लांचा कोळसा झाला होता. एकच तेवढं भावंडांच्या खाली दबून वाचलेलं. मागचा पाय सोललेला, एक कान वितळून डोक्याला चिकटलेला, मिशांच्या जागी नुसते काळे ठिपके. मुठीत मावेल एवढं ते. मी उचललं, तर त्यानं माझ्या अंगठ्यात दात रोवले. हात झटकला, शिव्या दिल्या, पाण्यात बुडवला, पण सुटेना. शेवटी अंगठ्याला मांजर लटकवून तसाच घरी आलो.

आईनं एकदा मांजराकडे बघितलं आणि एकदा अंगणातल्या कोंबड्याकडे.

हा कोंबडा कोण ते आधी सांगायला हवं. त्याआधीच्या थंडीत बिबट्या आमच्या गोठ्यातून शेळी घेऊन गेला. आम्ही त्याला वाघच म्हणतो. तेव्हा आईनं वाघदेवाला कोंबडा बोलला, म्हणजे दिवाळीआधीच्या वाघबारशीला तो देवापुढे कापायचा. देवाला बोललेल्या कोंबड्याला कोणी मारायचं नाही, डिवचायचं नाही, विकायचं तर नाहीच. आणि त्या हरामखोराला हे कळलं होतं. तो चुलीवर चढे, ताटातला भात खाई, दारात आलेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्या फोडी. एकदा ग्रामसेवकाला त्यानं झाडावर चढवला. ग्रामसेवक अजून खाली उतरलेला नाही असं मी जीपमध्ये पॅसेंजरना सांगत असतो.

अंगठ्याला मांजर लटकलेलं असतानाच आईनं बजावलं, “वाघाच्या कोंबड्याला याचा दात लागला, तं गोणीत घालून दाभोशाच्या कड्यावरून टाकीन. मंग रडायचं नाय.”

मी मोखाडा-सूर्यमाळ जीप चालवतो. पहिल्याच फेरीला पिल्लू खोक्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं माजलेले बैल आडवे पाडलेले आहेत; पण यानं त्याची बाही फाडली तेव्हा तो टेबलाच्या पलीकडे गेला आणि सल्ला तिकडूनच दिला. जखम धू, मलम लाव, बिनसुईच्या पिचकारीनं शेळीचं दूध पाज, आणि माणसांच्या दवाखान्यात जाऊन आधी तुझी इंजेक्शनं घे. मांजर काही जगत नाही, हेही त्यानं तिकडूनच सांगितलं.

रोज सकाळी आमच्या घरात लढाई व्हायची. मी गोधडी टाकायचो, वर झोपायचो, मग एकेक पाय बाहेर काढायचो. दुधाची पिचकारी तोंडात जायच्या आधी माझ्या नाकात जायची. माझे हात असे फाटले की पॅसेंजर बाया विचारू लागल्या, बायको परत आली का रे. मलम लावताना पिल्लू ओरडायचं ते मांजरासारखं नाही, करवत पत्र्यावरून जावी तसं. आणि मग जखमेत किडे झाले.

चिमट्यानं किडे काढत होतो. एक काढला की आत दोन दिसत. पिल्लाला धरून माझी बोटं वळली होती. तेवढ्यात कोंबडा आला. किडे म्हणजे त्याची मेजवानी. त्यानं मान वाकडी करून जखमेत बघितलं आणि टोचायला सुरुवात केली. किड्याबरोबर मांसही निघे, रक्त उडे. पिल्लू माझं मनगट सोलत होतं, मी बोंबलत होतो, आणि त्या देवाच्या कोंबड्याला लाथ घालायची सोय नव्हती. मी नुसता ‘हाड’ म्हणालो तरी आई आतून खाकरत होती. त्यानं जखम साफ केली हे कबूल. पण जाता जाता उरलेल्या धड कानाचा शेंडा तोडला आणि माझ्यासमोर गिळला.

पिल्लानं ते बघितलं. त्यानंतर पावसाळाभर ते चुलीमागे बसून कोंबड्याकडे बघत राहिलं. पाय भरला, पण आखडला. ते तीन पायांवर असं धावायचं की चार पायांची मांजरं लाजतील. उंदीर, सरडे, एकदा चांगलं हातभर जनावर आणून आईच्या अंथरुणात टाकलं. माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नसे, आणि मला चावल्याशिवाय खात नसे. मी आईला म्हणे, कोंबड्याकडे त्याचं लक्षही नाही. आई म्हणे, “तुझंच नाय.”

वाघबारशीच्या सकाळी मी जीप पुसत होतो. आईनं कोंबड्याला आंघोळ घालून अंगणात सोडला. तेवढ्यात कौलांवरून काहीतरी सुटलं. मग अंगणात मांजर नव्हतं, कोंबडा नव्हता, नुसती पिसांची नि रक्ताची वावटळ होती. कोंबड्यानं नखीनं त्याचं पोट फाडायला घेतलं. मांजरानं त्याचा पंख खांद्यातून मोडला आणि गळा धरला. मी मध्ये पडलो, तर दोघांनी मिळून मला फोडला. शेवटी आईनं अंगावर घागर ओतली तेव्हा गळा सुटला.

कोंबडा जिवंत होता, पण कसाबसा. आईनं तो पदरात घेतला. दुसऱ्या हातानं मांजराला मानेला धरून गोणीत कोंबलं, सुतळी बांधली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. पदर लाल होत होता, पायाशी गोणी उसळत होती.

“चल,” ती म्हणाली. “हा देवापुढं जिवंत पोचला आन दाणे टिपले तं टिपले. नाय तं गाडी तशीच दाभोशाला घे.”

देवापुढे तांदूळ ठेवतात. कोंबड्यानं स्वतःच्या चोचीनं दाणे टिपले तरच देव राजी. त्याशिवाय सुरी चालत नाही. आणि पूजा करणारा भगत त्या वेळी वरच्या पाड्यावर, शिवेवरच्या वाघदेवाच्या लाकडी पाटापाशी होता.

मी अशी जीप हाणली की वळणं मागे पडल्यावर वळत होती. कोंबड्याची मान लोळायला लागली की मी मुद्दाम खड्डा शोधायचो. जीप आपटली की तो पाय झाडायचा. मी म्हणायचो, बघ, जिवंत आहे. आईनं गोणीवर पाय ठेवला होता, तो पायही मांजरानं गोणीतून फोडला होता. तिनं तो काढला नाही.

वर पोचलो. पाटावर वाघ कोरलेला, चंद्र-सूर्य कोरलेले, शेंदूर ओला. भगतानं कोंबड्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं, माझ्या फाटक्या तोंडाकडे बघितलं. तांदूळ मांडले. मी कोंबड्याला दोन्ही हातांत धरून पाटापुढे बसलो.

तो टिपेना. एक डोळा मिटलेला, दुसरा आभाळात. जमलेली माणसं पुढे सरकली. गोणीतून गुरगुर येत होती. आई माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग कोंबड्याची मान एकदम खाली गेली आणि चोच तांदळात रुतली. वर आली तेव्हा चोचीला दाणा होता.

त्याला धरून मीच बसलो होतो, हे खरं. माझी बोटं त्याच्या मानेमागे होती, हेही खरं. माझी बोटं त्या दिवशी फार थरथरत होती. भगत अगदी जवळ होता. तो म्हणाला, “टिपला,” आणि सुरी फिरवली. रक्त पाटावर पडलं तेवढं पुरलं.

मी गोणीकडे हात नेला, तर आईनं मला बाजूला ढकलला. सुतळी तिनंच सोडली. मांजर बाहेर आलं ते तिच्या हातावरच आलं, दात हाडापर्यंत. तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की ते पाटापुढे जाऊन पडलं. ते उठलं, पळालं नाही. कोंबड्याचं मुंडकं समोर होतं, ते त्यानं पुढच्या पायाखाली दाबलं आणि जमलेल्या सगळ्या माणसांवर फिस्कारलं.

भगत मुंडकं उचलायला वाकला. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. खाऊ दे त्याला.”

ती तिथेच खाली बसली, हाताला पदर गुंडाळून, त्याचं खाऊन होईपर्यंत.