आईच्या लग्नाची पांढरी साडी

माझ्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग आहेत, शाळेत होती तेव्हापासून. आईनं मले जन्मभर फुल बाह्यांत कोंबलं. "हात दाखवून अवलक्षण कशाले?" हे तिचं जेवणाआधीचं अन् जेवणानंतरचं वाक्य. म्हणून इथं रायपुरात, समता कॉलोनीतल्या माझ्या फोटोग्राफर मैत्रिणीनं या डागांचे फोटो काढू का विचारलं, तेव्हा मी चिडूनच हो म्हटलं. चिडून घेतलेले निर्णय माझे बहुधा बरे निघतात.

ती छत्तीसगढची, हिंदीच बोलते. तिनं फार जपून विचारलं. एवढं दिसेल, एवढं नाही. फोटो आधी तू पाहशील, नको म्हटलं की मी पुसून टाकीन. माझ्या अंगाबद्दल मले असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरनंही नाही.

साडी मी आईच्या कपाटातून नेली. पांढरी, तिच्या लग्नातली. बिनबाह्यांचं ब्लाउज घातलं अन् ती म्हणाली तसं उदास तोंड करून खिडकीपाशी बसली. तासाभरानं ती फोटो दाखवू लागली, तर तिचेच डोळे भरलेले.

"विधवा का अकेलापन आ गया है इनमें," म्हणाली. "यही नाम रखूँगी."

घ्या. आमच्यात नवरी पांढरं नेसते, एवढंच सांगायचं होतं. पण मग 'आमच्यात' म्हणजे कोणात, हेही सांगावं लागते. नवा रायपुरातल्या ऑफिसात आडनावावरून जात काढून डबा बाजूला सरकवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. हिनं कधीच खोदून विचारलं नव्हतं, अन् ही मैत्रीण मले गमवायची नव्हती. उघड्या हातांची लाज वाटली नाही, पण हे एक वाक्य काही तोंडातून निघेना.

तरी आईच्या लग्नाले कोणी विधवापण म्हणावं, हे काही सहन होईना.

"दुल्हन की साड़ी है यह," मी म्हटलं. "हम बौद्ध हैं. हमारे यहाँ शादी सफ़ेद में होती है."

मी पदर ओढून घेतला, निघायच्याच तयारीनं. तिनं एकेक करून सगळे फोटो माझ्यासमोर पुसले. मले वाटलं, संपलं.

"इतनी देर से दुखी बैठने को बोल रही हूँ," ती म्हणाली, "और तुमने बताया भी नहीं. चलो, फिर से बैठो."

मी बसली अन् मले रडूच फुटलं.

"अब रोना मत," कॅमेरा डोळ्याले लावत ती म्हणाली. "शादी का फोटो है."